नाशिकच्या पाण्याचा आराखडा : धरणापासून नळापर्यंत हिशेब कसा मांडावा

गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला, की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याचे फोटो फिरतात आणि वर्षाची काळजी मिटली असे सगळ्यांना वाटते. आराखडा करणाऱ्याने त्या दिवशीच्या साठ्यावर विसंबू नये. त्याच्या वहीत दोन तारखा ठळक हव्यात : १५ ऑक्टोबर आणि ३१ जुलै. पहिल्या तारखेच्या साठ्यावर पाण्याचे आरक्षण ठरते आणि दुसऱ्या तारखेपर्यंत ते पुरवायचे असते. मधले दिवस २९०. शहराचा सगळा हिशेब या २९० दिवसांत बसवायचा आहे.

हा लेख प्रभागात काम करणारे अभियंते, सल्लागार, नगरसेवक आणि आराखडा वाचून प्रश्न विचारू इच्छिणारे नागरिक यांच्यासाठी आहे. उदाहरणे नाशिकची आहेत. आकडे बदलले तर हीच पद्धत मालेगावला किंवा नगरला चालेल.

आधी एककांचा घोळ मिटवू. जलसंपदा खाते दशलक्ष घनफुटांत, म्हणजे दलघफूमध्ये बोलते. महापालिका एमएलडीत, म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटरमध्ये बोलते. १ दलघफू म्हणजे २८.३२ दशलक्ष लिटर. १,००० दलघफू म्हणजे १ टीएमसी. ५०० एमएलडी उचलणारे शहर दिवसाला १७.७ दलघफू पाणी घेते, म्हणजे २९० दिवसांत सुमारे ५,१२० दलघफू. बैठकीत हे रूपांतर तोंडपाठ नसेल तर समोरचा कुठलाही आकडा खपवू शकतो.

पहिला टप्पा : माणसे किती, पाणी किती

नाशिक महापालिकेची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत १०,७७,२३६ होती, २०११ मध्ये १४,८६,०५३ झाली. दहा वर्षांत ३८ टक्के वाढ. आता २०४१चा अंदाज काढा. दर दशकाला तेवढीच माणसे वाढतील असे धरले, म्हणजे ४.०९ लाख, तर उत्तर सुमारे २७ लाख येते. दर दशकाला ३८ टक्के वाढ धरली तर ३९ लाख. त्याच दोन जनगणनांतून १२ लाखांचा फरक निघतो, आणि पाइपचा व्यास, पंपांची संख्या, कर्ज हे सगळे या फरकावर ठरते.

मोठा आकडा घेणे सुरक्षित वाटते, पण ते तसे नाही. गरजेपेक्षा मोठ्या वाहिनीत पाणी संथ चालते, गाळ बसतो, शेवटच्या टोकाला क्लोरीन पोचत नाही आणि कर्जाचा हप्ता आजच सुरू होतो. घटत्या दराने हिशेब करा : पुढच्या तीन दशकांसाठी ३३, २८ आणि २४ टक्के. त्यातून २०४१ साठी सुमारे ३१ लाख येतात. मग हा आकडा प्रभागनिहाय वाटा. इथे जनगणनेपेक्षा बांधकाम परवानग्या, नवी घरपट्टी खाती आणि वीजजोडण्या जास्त खरे सांगतात. पाथर्डी, आडगाव, म्हसरूळ या बाजूंची वाढ आणि जुन्या नाशकातली वाढ एकाच टक्क्याने मोजली, की एकीकडे जलकुंभ रिकामा आणि दुसरीकडे ओसंडलेला दिसतो.

भुयारी गटार असलेल्या शहरासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेत माणशी रोज १३५ लिटर धरतात. ३१.४ लाख माणसांना ४२४ एमएलडी. रुग्णालये, शाळा, हॉटेले, बाजार यांसाठी १० टक्के धरले की ४६६ एमएलडी. हे पाणी नळापर्यंत पोचायला हवे. वाटेत १५ टक्के गेले तर शुद्धीकरण केंद्रातून ५४९ एमएलडी सोडावे लागेल. वाटेत ३५ टक्के गेले तर ७१७.

या दोन आकड्यांतला फरक १६८ एमएलडी आहे. २९० दिवसांचे ते १,७२० दलघफू होतात, आणि गंगापूर धरणाची आजची क्षमता सुमारे ५,६३० दलघफू आहे. म्हणजे गळती आणि हिशेबाबाहेरचे पाणी आटोक्यात आणणे हे गंगापूरच्या तीन दशांश पाण्याएवढे काम आहे. प्रस्तावित किकवी धरणाची चर्चा नाशकात कितीतरी वर्षे चालली आहे. ते व्हावे की नाही हा वेगळा विषय, पण हे १,७२० दलघफू शोधायला भूसंपादन लागत नाही. म्हणून या लेखात पुढे सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

दुसरा टप्पा : उद्भव, वाईट वर्षाच्या मापाने

शहराचे पाणी मुख्यतः तीन उद्भवांतून, म्हणजे स्रोतांतून, येते : गंगापूर, मुकणे आणि दारणा नदीवरचा चेहेडी बंधारा. गंगापूरच्या वर काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही धरणे आहेत. प्रत्येक उद्भवासाठी एक पान करा आणि त्यावर पुढच्या गोष्टी लिहा.

गाळ. गंगापूर १९६५ मध्ये पूर्ण झाले तेव्हा त्यात सुमारे ७,२०० दलघफू पाणी मावत असे. आज ५,६३० मावते. पाचव्या हिश्श्याहून जास्त जागा गाळाने खाल्ली. गाळाची मोजणी करणारी मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) नाशकातच, दिंडोरी रोडवर आहे. ताजा अहवाल मागवा आणि २०४१ची क्षमता त्याच वेगाने कमी करून धरा. जुन्या क्षमतेवर केलेला आराखडा कागदावरच भरतो.

बाष्पीभवन. नाशिकच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर उतरते. एक चौरस किलोमीटर पसाऱ्यामागे ७ मिलिमीटर म्हणजे रोज ७० लाख लिटर. साठा कमी होईल तसा पसाराही आकसतो, म्हणून महिनावार पसारा घेऊनच हे गणित करा.

इतरांचे हक्क. डाव्या कालव्याची आवर्तने, औद्योगिक वसाहती, एकलहऱ्याचे वीज केंद्र आणि खाली जायकवाडी. पाऊस कमी झाला की समन्यायी वाटपाचा, म्हणजे खोऱ्यातले पाणी वरच्या आणि खालच्या धरणांत न्याय्यपणे वाटण्याचा मुद्दा येतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. नाशकात यावर आंदोलने होतात. ती योग्य की अयोग्य हे बाजूला ठेवून आराखड्यात 'पाणी सोडावे लागले' अशा वर्षाचा एक स्वतंत्र स्तंभ हवाच. किकवी झाले तरी तेही याच खोऱ्यात मोजले जाणार.

जॅकवेलची, म्हणजे धरणातून पाणी उपसणाऱ्या विहिरीची, पातळी. धरणात पाणी असणे आणि ते उचलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठा खाली गेला की धरणाच्या पोटातून जॅकवेलपर्यंत चर खोदण्याचा विषय नाशकात निघतो, तो यामुळेच. प्रत्येक जॅकवेलची सर्वात खालच्या झडपेची पातळी, तिच्याखालचा साठा आणि त्या पातळीला पंपाला मिळणारी पाण्याची उंची लिहून ठेवा. भोवरा पडून हवा ओढली गेली, की पंप थरथरतो, उपसा घटतो आणि तो बंद करावा लागतो. म्हणजे कागदावरचे शेवटचे पाणी मिळतच नाही.

गुणवत्ता. चेहेडीजवळ वालदेवी दारणेला मिळते आणि तिच्यासोबत सांडपाणी येते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह कमी आणि सांडपाणी तेवढेच, त्यामुळे नेमके गरजेच्या वेळी पाणी घेण्याजोगे राहत नाही. दारणेचे आरक्षण असूनही ते पूर्ण वापरता आले नाही तर त्या पाण्याला उद्भव म्हणता येत नाही. वालदेवीचे नाले अडवून मलनिस्सारण केंद्राकडे वळवणे हेही म्हणून पाणीपुरवठ्याचेच काम आहे.

आता गेल्या ३० वर्षांचे १५ ऑक्टोबरचे साठे उतरत्या क्रमाने मांडा. खालून तिसरे वर्ष निवडा आणि त्या वर्षाच्या साठ्यावर शहर चालते का ते पाहा. दहापैकी नऊ वर्षे पाणी पुरेल असा त्याचा अर्थ. आणखी एक जोड हवी : जुलै संपेपर्यंत पाऊस आलाच नाही असे धरून १५ दिवसांचा राखीव साठा. ५०० एमएलडीला तो २६५ दलघफू होतो. इगतपुरी-त्र्यंबकला धो धो पाऊस आणि शहरात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, असा हा प्रदेश आहे. नाशकात पाऊस पडला यावरून धरणात काय आले ते कळत नाही.

तिसरा टप्पा : आधी मीटर तपासा, मग गळती शोधा

मीटर पाच जागी लागतात : जॅकवेलच्या बाहेर, शुद्धीकरण केंद्राच्या आत येताना, केंद्रातून बाहेर पडताना, प्रत्येक जलकुंभाच्या निर्गम वाहिनीवर आणि ग्राहकाच्या जोडणीवर. मोठ्या वाहिनीवर विद्युतचुंबकीय मीटर घ्या. त्याच्या आधी व्यासाच्या पाचपट आणि नंतर किमान दुप्पट सरळ पाइप ठेवा. वळणाच्या किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे बसवलेला महागडा मीटरही खोटे बोलतो. पाइप अर्धा भरून वाहत असेल तरी तेच.

जलकुंभावरचा मीटर तपासायला बाहेरची यंत्रणा लागत नाही. कुंभात येणारे पाणी बंद करा, निर्गम एक तास चालू ठेवा आणि पातळी किती उतरली ते मोजा. १६ मीटर व्यासाच्या गोल कुंभाचे क्षेत्रफळ २०१ चौरस मीटर. पातळी १.२५ मीटर उतरली तर २५१ घनमीटर पाणी गेले. मीटर २३२ दाखवत असेल तर तो साडेसात टक्के कमी मोजतो. दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर पुढचे कुठलेही गणित थांबवा आणि मीटर दुरुस्त करा. हे काम दोन माणसे एका दुपारी करतात, तरी बहुतेक आराखड्यांत ते झालेले नसते.

केंद्रात येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला फरक ३ ते ५ टक्के असतो. ते फिल्टर धुण्याचे पाणी. ५०० एमएलडीला ३ टक्के म्हणजे १५ एमएलडी. ते निवळवून पुन्हा कच्च्या पाण्यात घेता येते. मात्र थेट मिसळू नका. पावसाळ्यात त्यातला गाळ आणि जंतू एकवटलेले असतात, म्हणून आधी थिरावू द्या.

चौथा टप्पा : गळती, झोन आणि रात्रीची मोजणी

संपूर्ण शहराची गळती एका आकड्यात सांगितली, की कोणालाच काम करता येत नाही. ५०० ते ३,००० जोडण्यांचे झोन पाडा. क्रम असा ठेवा.

नकाशावर व्हॉल्व्हमनला सोबत घेऊन बसा. जुन्या भागात कोणती वाहिनी कुठे जोडली आहे हे कित्येकदा फक्त त्यालाच माहीत असते. निवृत्तीच्या जवळ आलेल्या व्हॉल्व्हमनचे ज्ञान नकाशावर उतरवणे हे आराखड्यातले सर्वात स्वस्त आणि सर्वात निकडीचे काम आहे. झोनच्या हद्दीवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून एकच आवक ठेवा. मग ती आवकही बंद करा आणि झोनमधल्या तीन-चार ठिकाणी दाब पाहा. पंधरा-वीस मिनिटांत तो शून्यावर आला पाहिजे. येत नसेल तर कुठून तरी अज्ञात जोड आहे. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता खरी अडचण. गळती मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे पहाटे २ ते ४ या वेळेतली आवक पाहणे, कारण तेव्हा लोक झोपलेले असतात. नाशकात बहुतेक भागांत रात्री पुरवठाच नसतो, आणि असला तर सोसायट्यांच्या टाक्या भरत राहतात. म्हणून चाचणीसाठी झोनला ३६ ते ४८ तास सलग पाणी द्यावे लागते. पहिल्या दिवशी सगळ्या टाक्या भरतात. ज्या सोसायटीच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह नाही तिथे पाणी ओसंडून गटारात जाईल, म्हणून आधी घरोघर फिरून फ्लोट व्हॉल्व्ह तपासा. दुसऱ्या रात्रीची मोजणी कामाची.

उदाहरण घ्या. १,५०० जोडण्या, दिवसाची आवक १५ लाख लिटर, पहाटेची आवक तासाला २० घनमीटर. रात्रीचा खरा वापर जोडणीमागे तासाला ३ लिटर धरला तर साडेचार घनमीटर. उरलेले साडेपंधरा घनमीटर गळती. रात्री दाब जास्त म्हणून गळतीही जास्त असते, त्यामुळे २४ ऐवजी २० ने गुणा. उत्तर ३१० घनमीटर, म्हणजे आवकीच्या सुमारे २१ टक्के.

गळती कोणत्या गल्लीत आहे ते पाहायला त्याच रात्री एकेक उपवाहिनी बंद करत जा आणि आवकेचा आकडा किती पडतो ते लिहा. ज्या व्हॉल्व्हला आकडा एकदम खाली येतो ती गल्ली संशयित. मग ऐकण्याची काठी किंवा ध्वनियंत्र घेऊन तेवढ्याच गल्लीत फिरा. अख्ख्या शहरात यंत्र घेऊन फिरण्याला अर्थ नाही.

बहुतेक वेळा दोषी मुख्य वाहिनी नसते. घरजोडणीच्या फेरूलपाशी, म्हणजे मुख्य वाहिनीवर बसवलेल्या छोट्या जोडापाशी, आणि रस्त्याखालच्या गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात पाणी जाते. फुटलेली मुख्य वाहिनी रस्त्यावर कारंजे उडवते, लगेच फोन येतो आणि दुरुस्ती होते. फेरूलची गळती बेसाल्टच्या भेगेतून किंवा गटाराच्या खालून वर्षानुवर्षे चालते. जोडणी बदलताना पट्टा-क्लॅम्प, चांगल्या प्रतीचा एमडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप आणि घरापर्यंत एकही जोड नसलेला तुकडा वापरा. जुना पाइप जमिनीत सोडून देताना फेरूल बंद केले का ते पाहा. बंद न केलेली जुनी जोडणी ही कायमची गळती असते.

दाबाचा हिशेब इथेच येतो. ६ मिलिमीटरच्या भोकातून २० मीटर दाबाला, म्हणजे २० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाला, दिवसाला सुमारे २९,००० लिटर पाणी जाते. रोज चारच तास पुरवठा असेल तर ४,८०० लिटर. म्हणजे ठरावीक वेळचा पुरवठा गळती कमी करत नाही, नुसती झाकतो. चोवीस तास पाण्याची घोषणा करून जुन्या जोडण्यांवर तसाच पुरवठा सुरू केला, की गळती सहापट होते आणि महिनाभरात योजना गुंडाळावी लागते. साताऱ्याच्या मलकापुरात चोवीस तास पाणी चालले ते नवे जाळे आणि प्रत्येक जोडणीला मीटर असल्यामुळे. क्रम उलटा करून चालत नाही.

मिश्र पाइपांच्या जाळ्यात दाब जितका कमी, जवळपास तितकीच गळती कमी. गंगापूर रोडच्या उताराच्या भागात ३० मीटर दाब असेल आणि गरज २० ची असेल तर दाब नियंत्रक व्हॉल्व्ह लावून गळती एक तृतीयांशाने उतरते. रस्ता खोदावा लागत नाही. त्या व्हॉल्व्हच्या आधी गाळणी बसवा आणि ती दर तिमाहीला साफ करा, नाहीतर खडा अडकून व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

पाचवा टप्पा : जलकुंभ, दाब आणि मोटारी

जलकुंभ म्हणजे दिवसाच्या चढउताराचा समतोल. सुरुवातीचा अंदाज म्हणून रोजच्या मागणीचा एक तृतीयांश धरा. २०,००० वस्तीला घरगुती, इतर आणि १५ टक्के घट मिळून साडेतीन दशलक्ष लिटर, म्हणून कुंभ १२ लाख लिटरचा. पंप १६ तास चालणार की २२ यावर हा आकडा बदलतो, म्हणून तासवार आवक-जावक मांडूनच अंतिम ठरवा. वितरण वाहिन्या सरासरीच्या दुप्पट प्रवाहासाठी आखा. तीन मजली इमारतीच्या नळाला १७ मीटर दाब हवा. त्याहून उंच इमारतीने स्वतःची टाकी आणि पंप ठेवावा. शहराने प्रत्येक मनोऱ्यासाठी दाब वाढवला तर बैठ्या घरांचे पाइप फुटतात.

जलकुंभ बांधले आणि पाणी मिळेना, अशी तक्रार नवी नाही. कारण बहुधा कुंभाला भरणाऱ्या वाहिनीतूनच वाटेत थेट जोडण्या दिलेल्या असतात. कुंभ भरत नाही, म्हणून त्याला वळसा देऊन पाणी थेट वितरणात सोडतात, आणि दाब कोलमडला की लोक नळाला मोटार लावतात. पहिली मोटार लागली की शेजाऱ्यालाही लावावी लागते. मोटारीने वाहिनीत उणा दाब तयार होतो आणि गटारालगतच्या गळक्या जोडातून घाण आत ओढली जाते. नुसत्या जप्तीच्या मोहिमेने हे थांबत नाही. भरणी वाहिनीवरच्या सगळ्या थेट जोडण्या वितरण वाहिनीवर हलवणे, मग कुंभ रोज भरतो हे दाखवणे आणि त्यानंतर मोटारी काढणे असा क्रम ठेवा. शेवटच्या टोकाच्या नळाला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मिळतो का, हे रोज, त्यातही पुरवठा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत तपासा. घाण सापडते ती याच दहा मिनिटांत.

पंपांबद्दल थोडक्यात. १,००० घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला सिद्धांताने २७२ युनिट लागतात. चांगला पंप आणि मोटार मिळून ३५० ते ३७० घेतात. ४०० च्या वर गेले तर पंख्याची झीज, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा उंचीशी न जुळणारा पंप यांपैकी काहीतरी आहे. ५०० एमएलडी पाणी ६० मीटर उचलणाऱ्या शहराला १०० मीटरमागे ३६० ऐवजी ४२० युनिट लागत असतील तर रोज १८,००० युनिट जादा जातात.

सहावा टप्पा : वापरलेले पाणी

पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होते. ५०० एमएलडीला ४०० एमएलडी. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर इथे मलनिस्सारण केंद्रे आहेत. त्यांचे प्रक्रिया केलेले पाणी गोदावरीत जाते आणि पुढे नांदूरमधमेश्वरला पोचते. ते पाणपक्ष्यांचे अभयारण्य जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

पुनर्वापराची योजना आखताना पहिला प्रश्न 'पाणी किती' हा नसावा. 'कोणाचे धरणातले आरक्षण सुटणार' हा असावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना किंवा एकलहऱ्याला रोज ४० एमएलडी प्रक्रियायुक्त पाणी दिले आणि त्यांचे तेवढेच ताज्या पाण्याचे आरक्षण लेखी आदेशाने शहराकडे आले, तर २९० दिवसांत ४१० दलघफू मिळतात. आदेश नसेल तर कारखाने दोन्ही पाणी वापरतील आणि शहराच्या हाती काही लागणार नाही. २०१६च्या केंद्रीय वीजदर धोरणाने मलनिस्सारण केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातल्या औष्णिक केंद्रांना हे पाणी वापरणे बंधनकारक केले आहे. ते हातात घेऊनच बोलणी करा.

दुसरी बाजूही मांडायला हवी. आज नदीत जाणारे हे पाणी निफाड-सायखेड्याकडचे शेतकरी उपसतात. ते वळवले की त्यांच्या पाण्यात घट होते. म्हणून उन्हाळ्यात नदीत किती सोडत राहायचे तो आकडा आराखड्यातच लिहा. शीतकरण मनोऱ्यासाठी क्षार आणि फॉस्फेटचे प्रमाण कळीचे ठरते. मलनिस्सारण केंद्राच्या अहवालात फक्त बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, असेल तर तेवढ्यावर करार करू नका. वर्षभराचे महिनावार क्षार मागा. या पाण्याची वाहिनी वेगळ्या रंगाची असावी आणि पिण्याच्या वाहिनीशी तिचा एकही जोड नसावा, 'तात्पुरता' सुद्धा नाही.

सातवा टप्पा : छपरावरचा पाऊस आणि बोअर

इथे अपेक्षा जमिनीवर ठेवा. १,००० चौरस मीटर छत, ७०० मिलिमीटर पाऊस, ८० टक्के संकलन : वर्षाला ५६० घनमीटर. ६० सदनिकांच्या, माणशी १३५ लिटर वापरणाऱ्या २७० रहिवाशांच्या सोसायटीला रोज साडेछत्तीस घनमीटर लागतात. म्हणजे छताचे सगळे पाणी पंधरा दिवसांचे. त्याने महापालिकेचा नळ सुटत नाही, पण मे महिन्यातले बरेच टँकर सुटतात, आणि तेवढे पुरेसे कारण आहे. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना हे सक्तीचेच आहे. प्रत्यक्षात पाइप उभा असतो आणि खड्डा कोरडा.

नाशिकखालचा खडक बेसाल्ट आहे. पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि ती जागा थोडी असते. म्हणून शेजारच्या दोन बोअरपैकी एक भरभरून आणि दुसरा कोरडा निघतो. पुनर्भरणाच्या आधी बोअरमध्ये टँकरभर पाणी सोडून ते किती वेळात उतरते ते पाहा. तासाभरात पातळी हललीच नाही तर त्या बोअरला भेग लागलेली नाही, तिथे खर्च करू नका. पहिल्या पावसाचे अडीच मिलिमीटर, म्हणजे या छताचे अडीच हजार लिटर, बाहेर सोडा. मग गाळणखड्डा : तळाला ४० मिलिमीटरची खडी, वर २० मिलिमीटरची, वर जाड वाळू, मध्ये जाळी. वाळूचा वरचा थर दर मे महिन्यात धुवा. पार्किंगचे पाणी कधीही बोअरमध्ये घालू नका, त्यात तेल असते. जुन्या वाड्यांतले आड बुजवलेले नसतील तर पुनर्भरणाला ते बोअरपेक्षा सोपे, कारण ते साफ करता येतात.

आठवा टप्पा : टंचाईचे वेळापत्रक आधीच मंजूर करून घ्या

समजा १५ ऑक्टोबरला साठा गरजेपेक्षा १० टक्के कमी आहे. त्याच दिवसापासून कपात केली तर २९० दिवस १० टक्के पुरते. निर्णय १ एप्रिलपर्यंत लांबला तर उरलेल्या १२२ दिवसांत जवळपास २४ टक्के कपात करावी लागते, तीही उन्हाळ्यात. राजकीय कारणाने हा निर्णय नेहमी लांबतो. म्हणून तारीख, साठा आणि कपात यांचे कोष्टक चांगल्या पावसाच्या वर्षीच महासभेत मंजूर करून घ्या. १५ ऑक्टोबर, १ जानेवारी, १ एप्रिल आणि १ जून या चार तारखा पुरतात.

आठवड्यातून एक कोरडा दिवस ठेवला की सातवा हिस्सा, म्हणजे १४ टक्के वाचतात असे सांगितले जाते. तेवढे वाचत नाही. आदल्या दिवशी लोक जास्त भरून ठेवतात, नंतर शिळे म्हणून ओततात, रिकाम्या झालेल्या वाहिन्या पुन्हा भरायला पाणी लागते आणि उंचावरच्या भागांना दुसऱ्या दिवशीही पाणी मिळत नाही. झोन आणि मीटर तयार असतील तर रोजचा दाब आणि वेळ थोडी कमी करणे त्यापेक्षा बरे.

कुंभमेळा आणि कामांचा क्रम

२०२७च्या सिंहस्थाची कामे डोळ्यासमोर ठेवून मोठा निधी येतो. पर्वणीच्या दिवशी १० लाख बाहेरगावचे भाविक आणि माणशी ४० लिटर धरले तर ४० एमएलडी जादा लागतील, तेही काही दिवस. त्यासाठी कायमचे शुद्धीकरण केंद्र बांधणे चूक. तात्पुरत्या टाक्या, नळांच्या रांगा आणि टँकर भरण्याची केंद्रे तेवढ्यापुरती करा. कायमचा पैसा दोन जलशुद्धीकरण केंद्रांना जोडणाऱ्या वाहिन्यांत घाला, म्हणजे गंगापूरची वाहिनी फुटली तर मुकणेचे विल्होळीत शुद्ध झालेले पाणी तिकडे वळवता येईल. मेळा संपल्यावरही हे उपयोगी पडते.

पैसा टप्प्याटप्प्याने येणार असेल तर क्रम असा ठेवा : पहिल्या वर्षी मोठे मीटर, नकाशा आणि दोन प्रायोगिक झोन, एक जुन्या वस्तीचा आणि एक नव्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घरजोडण्या बदलणे, ग्राहक मीटर आणि भरणी वाहिन्या मोकळ्या करणे. त्याच काळात पुनर्वापराचे करार आणि वालदेवीचे नाले. नव्या शुद्धीकरण केंद्राची आणि नव्या उद्भवाची क्षमता तिसऱ्या वर्षाच्या मोजणीनंतर ठरवा. निविदेत ठेकेदाराला पाइपच्या मीटरवर सगळे पैसे देऊ नका. किमान २० टक्के रक्कम झोनची रात्रीची आवक ठरलेल्या आकड्याखाली आल्यावर आणि ती वर्षभर तशी राहिल्यावर द्या. ती मोजणी ठेकेदाराने करायची नाही.